चर्चा: टर्मिनलमधली वाट आपण लक्षात ठेवायची की यंत्राने?

रावपुरेकर
मंडळी, बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचे दोन लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. नुकताच हाताखाली एक मुलगा आलाय, हुशार आहे. त्याने पहिल्याच दिवशी सर्व्हरवर झॉक्साइड टाकलं, म्हणजे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फोल्डरांच्या वाटा लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम. ‘झेड अहवाल’ लिहायचं, की ते आपोआप अहवालाच्या फोल्डरमध्ये नेतं. पण आमच्याकडे अहवाल नावाची दोन फोल्डरं आहेत, एक ‘चालू’च्या पोटात, एक ‘मागील’च्या. परवा ते त्याला मागीलमध्ये घेऊन गेलं आणि त्याने तिथल्या सगळ्या सीएसव्ही फायली पुसल्या. बॅकअपवरून परत आणल्या, पण संध्याकाळ गेली.

असं का झालं ते मी बसून काढलं. झॉक्साइड प्रत्येक भेटीला एक गुण देतं. शेवटची भेट तासाभरातली असेल तर गुणांची चौपट, दिवसभरातली असेल तर दुप्पट, आठवड्यातली असेल तर निम्मे, त्याहून जुनी असेल तर पाव. पहिले दोन आठवडे मी पोराला जुनेच अहवाल तपासायला दिले होते, म्हणून मागीलचे गुण झाले ३०. आदल्या संध्याकाळी तो तिथे होता, म्हणून दुप्पट, ६०. चालूमध्ये सकाळपासून १२ वेळा जाऊन आला होता, त्याचे चौपट ४८. मागील जिंकलं. हिशोब बिनचूक आणि जागा चुकीची!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जिथे फायली पुसल्या जातात तिथे अंदाजाने उडी नको. पुशडी, पॉपडी आणि डर्स शिका: पुशडी नव्या जागी नेतं आणि जागांची रांग, म्हणजे स्टॅक, ठेवतं; पॉपडी वरची नोंद काढून मागे आणतं; डर्स ती रांग दाखवतं. ‘डर्स -व्ही’ दिलं की समोर असं येतं:

० ~/स्क्रिप्ट
१ /डेटा/चालू/अहवाल
२ /डेटा/मागील/अहवाल

आता ‘पुशडी +१’ म्हटलं की आपण कुठे जाणार ते आधीच वाचलेलं असतं. आणि जायचीही गरज नाही: ‘सीपी यादी ~२/’ लिहिलं की जागेवरून न हलता ‘यादी’ फाइलची प्रत दोन नंबरच्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) जाते. ही सोय कित्येकांना ठाऊकच नसते.

फतेगंज
काका, सगळं मान्य, निष्कर्ष अमान्य. त्या मुलाच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या जागेआधी येणाऱ्या मजकुरात, काय दिसत होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. बॅश या शेलमध्ये (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पीएसवन या प्रॉम्प्टच्या सेटिंगला कॅपिटल डब्ल्यू असेल तर फक्त शेवटचं नाव दिसतं, म्हणजे दोन्हीकडे ‘अहवाल’. लहान डब्ल्यू ठेवला असता तर पूर्ण वाट दिसली असती. झॉक्साइडलाही सांगता येतं, की उडी मारण्याआधी पत्ता छापून दाखव. ‘झेड चालू अहवाल’ असे दोन शब्द दिले असते तरी प्रश्नच आला नसता.

आणि तुमच्या स्टॅकचं खरं दुखणं मी सांगते. मी रोज ३०-४० रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या फोल्डरांमध्ये) फिरते. टर्मिनल बंद झालं, सर्व्हरशी जोडणारं एसएसएच तुटलं, की स्टॅक गेला. बॅशमध्ये मध्येच साधं सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा) केलं तर वरची नोंद पुसून तिथे नवी बसते. आणि नंबर तरी कुठे स्थिर राहतात? चार नोंदी असताना ‘पुशडी +२’ केलं की सगळी रांग फिरते, मघाशी ३ होतं ते आता १. ती रांग डोक्यात ठेवायची आणि वर कामही करायचं? बडोद्यात मांडवीत उभं राहून शहराचे चारही दरवाजे दिसतात हो, पण चाळीस दरवाजे असते तर कुणीही वाट विचारलीच असती.

रावपुरेकर
ताई, प्रॉम्प्टचं तुमचं खरं निघालं. आत्ता बघितलं, कॅपिटल डब्ल्यूच आहे, आणि तो मीच वर्षानुवर्षे ठेवलाय. ती चूक माझी.
पण नंबर फिरतात ते माझ्या डोळ्यांसमोर फिरतात, पुशडी दर वेळी अख्खी रांग छापतं. झॉक्साइडचे गुण कालपासून आजपर्यंत माझ्या नकळत बदललेले असतात. मला हेच सलतं.

सुरसागर
दोघेही आपापल्या सजवलेल्या शेलबद्दल बोलताय. मी दर आठवड्याला वेगळ्या सर्व्हरवर असतो, तिथे काहीही टाकायची परवानगी नसते. पुशडी पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या सामाईक मानकात, नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर एसएच म्हणजे डॅश हे छोटं शेल, त्यात पुशडी नाहीच. बॅशवर चाललेली स्क्रिप्ट तिथे ‘नॉट फाउंड’ म्हणून पडते.

सगळीकडे मिळतं ते ‘सीडी -’, आधीच्या जागी परत नेणारं. कॉर्न शेलकडून आलेलं, ओल्डपीडब्ल्यूडीमध्ये आधीची एकच जागा ठेवणारं. माझं नव्वद टक्के काम दोन डिरेक्टरींमध्येच चालतं, मला ते पुरतं. बाकीसाठी सीडीपाथ, म्हणजे सीडीने कुठे कुठे शोधायचं याची यादी. फक्त ते एक्स्पोर्ट करू नका (म्हणजे स्क्रिप्टांपर्यंत पोचवू नका), नाहीतर स्क्रिप्टमधलं सीडी पत्ता छापायला लागतं आणि आउटपुट बिघडतं.

जाता जाता, काकांसाठी: हा डिरेक्टरी स्टॅक सी शेलमध्ये पहिल्यांदा आणला तो जे. ई. कल्प यांनी, ऑस्ट्रियात लाक्सेनबुर्गच्या संस्थेत. बर्कली विद्यापीठाच्या या शेलमधली ही सोय बर्कलीबाहेरून आली. सी शेलच्या मॅन्युअलमध्येच तशी नोंद आहे.

नवशिका
तो मुलगा मीच. काकांनी मला एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहितोय.
काका, पुशडी असतं तरी मी त्या दिवशी चुकलो असतो. १ आणि २ दोन्हींच्या शेवटी अहवालच आहे, मी घाईत होतो, २ दाबलं असतं. मला वाचवलं असतं ते पुसण्याआधीच्या एका एलएसने (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा). त्या फायलींच्या नावातच साल आहे.
शनिवारपासून मी घरच्या लॅपटॉपवर झेडएसएच हे शेल घेतलंय. त्यात ऑटो पुशडी चालू केलं की प्रत्येक सीडी आपोआप स्टॅकवर जातं, म्हणजे ताईंची पुसलेल्या नोंदीची तक्रार उरत नाही. पुशडी इग्नोर डुप्सही लावलंय, एकच जागा दोनदा येत नाही. झॉक्साइडही आहे, ते मी काढणार नाही. सर्व्हरवरचं काढू का?

फतेगंज
काढू नकोस. पत्ता छापायची सोय चालू कर आणि ठेव.

रावपुरेकर
काढ. प्रॉम्प्ट सोमवारी दोन्ही सर्व्हरवर मी स्वतः बदलतो. आणि पुसायच्या ‘आरएम’ला दर वेळी आधी विचारणारं ‘-आय’ लावायचं का, ते तू ठरव. पुसायचं काम तुझ्याकडेच राहणार आहे.