राजवाड्यासमोर बसायला परवानगी लागतेच का?

रामबागवाली: गल्लीतली झाडं वाचवायला आम्ही काही बायका इंदूरच्या राजवाड्यासमोर तासभर फलक घेऊन बसणार आहोत. दीर म्हणतात, "१६३ असेल, आत टाकतील." खरंच?

वकीलकाका: वहिनी, १६३ म्हणजे जमावबंदीचं कलम, जुनं १४४; १ जुलै २०२४पासून नवा कायदा आला नि आकडा बदलला. इंदुरात हा आदेश पोलीस कमिशनर काढतात. आधी तो वाचा, तारीख बघा. शासनानं वाढवला नाही तर दोन महिन्यांत संपतो. शांतपणे, निःशस्त्र जमणं हा संविधानाच्या कलम १९चा हक्कच, पण वाजवी निर्बंधांसह. अर्ज द्या, पोच घ्या. पोच विसरूच नका!

सराफ्याचा खवय्या: रस्ता मात्र अडवू नका. दिल्लीतल्या शाहीनबागच्या धरण्याच्या प्रकरणात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बजावलं.

रामबागवाली: अर्ज मराठीत चालेल?

वकीलकाका: हिंदीत द्या. नकार आला तर कारण लेखी मागा.