वलांडीवरचे बोंबील

वेचलेली मोहफुलं अवकाळी पावसात भिजतात आणि जंगलातल्या लोकांना फटका बसतो असं म्हणतात, ते खरंच; पण फटका फक्त त्यांनाच असं नाही. आमच्या कोळीवाड्यात या. बोंबील सुकवायचे तर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीच्या, म्हणजे मासे सुकवायला उभारलेल्या मांडणीच्या, दोरीवर टांगायचे. कोरडं ऊन आणि वारा मिळाला की दोन-तीन दिवसांत काम होतं. मध्येच पाऊस आला तर माल काळा पडतो, अळ्या धरतो. मग खताच्या भावाने द्यायचा. १ डिसेंबर २०२१ला मुंबईत पाऊस झाला तेव्हा मावशी ताडपत्री घेऊन धावली. पण टांगलेल्या बोंबलांवर ताडपत्री टाकली तर ते आतल्या आत उबतात, न टाकली तर भिजतात. करणार काय?

चक्रीवादळांचंही तेच. २०१९ला क्यार आणि महा पाठोपाठ आली, २०२०च्या जूनमध्ये निसर्ग, २०२१च्या मेमध्ये तौक्ते. अरबी समुद्र तापतोय, म्हणून जोरदार वादळं वाढलीत असं शास्त्रज्ञ म्हणतात. जून-जुलै मासेमारी बंदच, त्यात ऐन हंगामात इशारा आला की होड्या बंदरात. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार मात्र चालूच.

आणखी एक. आमच्याकडे नुकसानीच्या पंचनाम्याला सरकारी माणसं आली तेव्हा त्यांनी होड्या मोजल्या, जाळी मोजली. वलांडीवरचा माल कोणी विचारला नाही. सुकवण्याचा धंदा बायकांचा, त्यांच्याकडे ना पावती ना परवाना. नुकसान लिहायचं तरी कोणत्या रकान्यात?