रझांचा बिंदू पोट्ट्यांना कसा सांगू?

रानातला मास्तर

नमस्कार मंडळी. कोरची तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो. चित्रकलेला शिक्षक नाही, म्हणून तो तासही मीच घेतो. २०२३ साली १५ फेब्रुवारी ते १५ मे या काळात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात चित्रकार सय्यद हैदर रझांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन झालं. तिथे काही मी गेलो नाही, पण तेव्हापासून त्यांची चित्रं सनावारीनं लावून मोबाईलवर पाहत असतो. नेटवर्क टेकाडावरच मिळतं, तिथे बसून.

माझे बाबा फॉरेस्टात गार्ड होते. लहानपण नाक्यावरच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा गस्तीला निघाले की आई कडी लावून कंदील बारीक करायची आणि आम्ही दोघं भाऊ तिच्या दोन्ही बाजूंना. बाहेर इतका काळोख की खिडकी उघडी आहे की बंद, तेही कळू नये. दूर गावात ढोल वाजायला लागले की आई म्हणायची, "माणसं जागी आहेत, झोपा आता."

रझांचे वडीलही वनखात्यात, मंडल्याच्या जंगलात. रानातल्या रात्रीची भीती वाटायची आणि गोंडांच्या नाचानं तेवढा धीर यायचा, असं रझांनी स्वतः सांगून ठेवलंय. हे मला ठाऊक होण्याआधीच मी त्यांची सत्तरच्या दशकातली 'ला तेर' नावाची चित्रं पाहिली होती. ला तेर म्हणजे जमीन. काळ्यातून लाल-पिवळं पेटत वर येतं. पाहिलं आणि आईचा कंदील आठवला, दुसरं काहीच नाही.

नागपूरला एका व्याख्यानानंतर हे बोललो. वक्ते म्हणाले, रझांच्या चित्रांत सारखा येणारा तो गोल बिंदू म्हणजे शून्य, बीज, ब्रह्म. त्यात आपल्या भावना घालू नका. गप्प बसलो, पण पटलं नाही. पुढच्या आठवड्यात सातवीच्या पोट्ट्यांना ही चित्रं दाखवायचीत. त्यांना काय सांगू?

चितारओळीतला

सर, वक्त्यांचं अर्धं खरं आहे. बीज, पंचतत्त्व ही भाषा रझा स्वतःच बोलत. पण ती १९८० च्या आसपास, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर. त्याआधीचा रस्ता पाहा.

१९३९ ते ४३ ते आमच्या नागपूरच्या कलाशाळेत होते, मग मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये. १९४७ ला आई गेली, ४८ ला वडील. फाळणीनंतर बरीचशी भावंडं पाकिस्तानात गेली, हे इथेच राहिले. ४८ मध्येच काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या चित्रांत बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान पाहा. १९५० ला फ्रान्स. तिथल्या सुरुवातीच्या चित्रांत घरांना घरं खेटून उभी आहेत आणि माणूस एकही नाही. मला ती चित्रं फार एकटी वाटतात. १९६२ ला अमेरिकेत बर्कलेला शिकवायला गेले, तिथला चित्रकार रॉथकोचं काम पाहिलं, तैलरंग सोडून ॲक्रिलिक धरलं. तो रंग लवकर सुकतो, थांबावं लागत नाही, हात सुटतो. तुमचा कंदील पेटलाय तो या सुटलेल्या हातानं.

आणि १९८१ चं 'माँ' नक्की दाखवा. मोठा काळा बिंदू, आणि चित्रातच देवनागरीत हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ: आई, परत येईन तेव्हा काय आणू, असं विचारणारी. आई म्हणजे मायदेश, असं पुष्कळ लोक सांगतात. असेलही. पण ज्याची आई चौतीस वर्षांपूर्वी गेली, त्यानं ती ओळ हातानं लिहिलीय. मला तरी ते नुसतं तत्त्वज्ञान वाटत नाही.

तळेगावची लेक

सर, माह्यं माहेर तळेगाव दशासर. रझांसोबत मुंबईच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपात जे हरी अंबादास गाडे होते, ते तिथलेच. त्याच ग्रुपातले हुसेन, सूझा सगळ्याइले माहीत, गाड्यांचं नाव त्यांच्याच गावात कोणी घेत नाही, याचं मले लय वाईट वाटते. त्याइचीही दोन चित्रं दाखवा.

बाकी, लहानपणी रझांचं ध्यान जागेवर राहत नव्हतं म्हणून गुरुजीनं भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडं पाहत बसवलं होतं. गुरुजीनं काहीच समजावलं नाही, निस्तं बसवलं. तुम्हीही आधी काही सांगू नका. पोट्ट्याइले निस्तं पाहू द्या.

रानातला मास्तर

ताई, तुमचं ऐकलं. काल तास झाला. गाड्यांचं एक चित्र आधी दाखवलं, मग टीव्हीवर 'माँ' लावून गप्प उभा राहिलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. एक मुलगी म्हणाली, विहीर आहे. दुसरी म्हणाली, घरून सोडायला आलेली बस वळणावर गेली की असं दिसतं. ही सगळी वसतिगृहातली मुलं आहेत, दिवाळीला घरी जातात. कवितेची ओळ वाचून दाखवली तेव्हा तीन-चार पोरांनी माना खाली घातल्या.

मग स्वयंपाकघरातून कोळसा आणला. एका पोरानं अख्खा कागद काळा केला आणि मधोमध रुपयाएवढी जागा कोरी सोडली. "हे काय?" विचारलं तर म्हणाला, "अजून ठरवलं नाही सर." तोच पुढे विचारतो, "मग ते घरी गेले का?"

सांगितलं की २०१० च्या शेवटी भारतात परतले, २३ जुलै २०१६ ला दिल्लीत वारले, आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

"आणि आई?"

मला सांगता आलं नाही. तो परत कागदावर वाकला.