विशेष गरजांचं मूल दत्तक : बेळगाव जिल्ह्यात सरकारी मदत नेमकी कोणती?

मलप्रभाकाठ (प्रश्न)
जोडपं खानापूर तालुक्यातलं. काराच्या (दत्तकाची केंद्रीय संस्था) पोर्टलवर नोंदणी झालीय, गृह अध्ययन अहवालही (घरी येऊन केलेल्या पाहणीचा) चढलाय. विशेष गरजांच्या यादीतल्या तीन वर्षांच्या मुलीचा विचार चाललाय. वैद्यकीय अहवालात डाउन सिंड्रोम आणि हृदयाला छिद्र असं लिहिलंय. अशा दत्तकाला सरकार महिन्याला काही देतं का? इथं कुणी चार हजार म्हणतं, महाराष्ट्रातले, चंदगडकडचे पाहुणे सव्वादोन हजार म्हणतात. ऑपरेशन आणि थेरपीचा खर्च कशातून भागवायचा? आणि कागद कुठल्या क्रमाने करायचे?

कागदवाला
दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन्ही या जोडप्यासाठी नाहीत.

४,००० रुपये केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचे, प्रायोजकत्व (गरजू मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणून मदत) आणि पालक-संगोपनासाठी. पालक-संगोपनात मूल कायद्याने तुमचं होत नाही, सांभाळ तेवढा तुमच्याकडे, म्हणून पैसे सरकार देतं. दत्तक आदेश निघाला की मूल पोटच्या मुलासारखंच तुमचं. त्यामुळे ‘दत्तक घेतलं म्हणून’ मिळणारा मासिक भत्ता केंद्राच्या योजनांत नाही. सव्वादोन हजार म्हणजे महाराष्ट्राची बालसंगोपन योजना. ती तिथल्या रहिवाशांना. घरात मराठी बोलत असलात तरी रेशन कार्ड कर्नाटकचं, मग तो अर्ज दारातच अडतो.

जे मिळतं ते मुलीच्या दिव्यांगत्वामुळे मिळतं. म्हणून सगळी मदार यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर.

नाडकचेरी_फेरी
क्रम असा ठेवा : दत्तक आदेश, मग नवा जन्मदाखला, मग आधार, मग यूडीआयडी, मग रेशन कार्डात नाव. मधलं एक उडी मारून पुढे गेलात की परत पहिल्या पायरीवर.

१ सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देतात. आदेशाच्या प्रती जास्तीच्या काढून ठेवा. जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात. इंग्रजी स्पेलिंग इथंच पक्कं करा. कानडीत नाव बरोबर असतं, घोळ इंग्रजीत होतो. मराठी पद्धतीचं ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, असं झालं की पोर्टल त्या दोन वेगळ्या मुली समजतं.

संस्थेत असताना मुलीचं आधार निघालेलं असेल तर नवीन काढू नका, तेच दुरुस्त करा. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणून दुसरं आधार निघूनही जातं. पुढे पाचव्या वर्षी ठसे द्यायला गेलं की घोटाळा बाहेर येतो. यूडीआयडीचंही तसंच : जुना क्रमांक असेल तर त्यातच नाव बदलायचं.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी इस्पितळात. नियमांप्रमाणे मुदत तीन महिने. कार्ड पिवळं असेल तर दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत, निळं असेल तर ८० किंवा वर. पांढरं ४० च्या खालचं, त्यावर बहुतेक योजना मिळत नाहीत. लहान मुलाचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा, कारण ते संपलं की त्यावरचं सगळं थांबतं.

अर्ज भरताना अडलं तर पंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो. त्यालाच व्हीआरडब्ल्यू म्हणतात. त्याची मदत फुकट असते, एजंटाला पैसे कशाला देताय?

थेरपी_सेतू
खर्चाचं बोलू.

हृदयाचं आधी. अंगणवाडीत तपासणीला येणारं बालस्वास्थ्य पथक जन्मजात हृदयदोष बघतं आणि पुढे पाठवतं. मुलीचं नाव अंगणवाडीत घाला. शस्त्रक्रियेला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक : बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, कमाल दीड लाख. सरकारी इस्पितळाची शिफारस चिठ्ठी आधी घ्या. थेट खासगीत भरती होऊन नंतर चिठ्ठी मागितली तर नियोजित ऑपरेशन त्यात बसवणं अवघड.

महाराष्ट्राने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. गाव यादीत आहे का बघा, आणि संलग्न इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा मदतनीस) होकार घेतल्याशिवाय त्यावर हिशोब मांडू नका.

थेरपीला निरामय, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व एवढ्यांनाच. डाउन सिंड्रोम असलं तरी प्रमाणपत्रावर ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ हे शब्द हवेत. संरक्षण वर्षाला १ लाख, नोंदणीचं शुल्क बीपीएल २५०, एपीएल ५००. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, ही त्याची खरी किंमत. कॅशलेस नाही, आधी भरा मग मागा. त्यामुळे स्पीच आणि फिजिओच्या प्रत्येक बैठकीची मूळ पावती जपा. झेरॉक्स चालत नाही.

मलप्रभाकाठ
आभारी आहे. आणि अपंग पेन्शन?

कागदवाला
कर्नाटकात ४० टक्क्यांपासून महिना ८००, ७५ च्या वर १,४००. अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय). पण उत्पन्नाची अट वर्षाला ३२,०००. दत्तकाच्या गृह अध्ययनात तुम्ही ‘मूल सांभाळायची ऐपत आहे’ असं दाखवलेलं असतं. तेच कुटुंब ३२,००० चा दाखला आणायला गेलं तर दोन सरकारी कागद एकमेकांना खोटं पाडतात. कमी उत्पन्नाचा दाखला ‘काढून देतो’ म्हणणारे भेटतील, त्या वाटेला जाऊ नका की ओ.

पगारदार असाल तर त्याहून मोठी सवलत आयकरात, १९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी : ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० ची वजावट. खर्च किती झाला ते विचारत नाहीत, ठरलेली रक्कम. मात्र जुन्या कररचनेतच, म्हणून दोन्ही रचनांचा हिशोब घालून बघा.

थेरपी_सेतू
राहिलंच : मुलगी अठराची झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तेव्हा पहिला कागद दत्तक आदेशच मागतील. जपून ठेवा.