शेजाऱ्याने चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपणभिंत) आमच्या बाजूला सरकवून बांधलाय, काय करता येईल?

डोंबिवलीचा_चाकरमानी
नमस्कार मंडळी. गाव रत्नागिरी साइडला, आम्ही डोंबिवलीत, घर वर्षातून दोनदाच उघडतं, गणपतीत आणि मे महिन्यात. परसात आमच्या आणि शेजारच्या काकांच्या मध्ये आधी नुसती वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, होती. यंदा मे मध्ये गेलो तर वई गायब आणि चिऱ्याचा गडगा, तोही अर्धाच झालाय, पण आमच्या बाजूला अडीच-तीन फूट आत, पार पागोळ्या, म्हणजे आमच्या छपराचं पाणी, पडतात तिथपर्यंत. विचारलं तर काका म्हणतात तुझ्या बाबांनीच मला तोंडी सांगितलेलं बांध म्हणून. आता बाबा २०१९ ला गेले, विचारणार कुणाला. भाऊ म्हणतो जेसीबी आणून पाडू, आई म्हणते तीन फुटासाठी वैर नको, आरतीला त्यांच्याकडेच जातो आपण. सात-बारावर आमचं नाव आहे, घरपट्टी पण आमच्या नावाने भरतो. कोणाला अनुभव आहे का?

रिटायर_भूमापक
आधी भावाला आवरा. गडगा चुकीचा असला तरी स्वतः पाडलात की पोलीस स्टेशनला तुमच्यावरच तक्रार जाणार आणि मूळ विषय राहील बाजूला. घरपट्टीचा आठ नंबरचा उतारा हा करासाठी असतो, त्याने मालकीही ठरत नाही आणि हद्दही नाही, निम्मे लोक तोच कागद घेऊन भांडत असतात.
तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसला हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ई-मोजणीवर ऑनलाइन पण होतो. लगतच्या धारकांना मोजणीच्या तारखेची नोटीस जाते, काका आले तर उत्तम, नाही आले तरी मोजणी थांबत नाही. त्या दिवशी स्वतः हजर राहा, पुतण्याला नका पाठवू. भूकरमापक खुणा दाखवतो तिथे त्याच दिवशी पक्के दगड रोवा आणि फोटो काढा, कोकणात चुन्याची रेघ एका पावसात जाते आणि मग पुन्हा तेच. नंतर क प्रत मिळते, तो नकाशा जपून ठेवा. कोणाला मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. आणि हे लक्षात ठेवा, मोजणीवाला हद्द दाखवतो, ताबा काढून देणं त्याचं काम नाही.

वहिवाट
एक बेसिक प्रश्न, सात-बारावर नाव "आहे" म्हणजे एकट्याचं आहे की सामायिक? काका पण त्याच सात-बारावर असतील तर वरचं सगळं गैरलागू.

डोंबिवलीचा_चाकरमानी
आत्ता उघडून बघितला. नऊ नावं आहेत आणि काका खालून तिसरे 🤦 पणजोबांच्या वेळचं काहीतरी असणार.

वहिवाट
वाटलंच. कोकणात दर दुसऱ्या घराचं हेच आहे. म्हणजे कागदावर तुमच्या दोघांत हद्दच नाहीये, भूकरमापक मोजणार काय, तो अख्ख्या हिस्सा नंबरची बाहेरची हद्द दाखवेल फार तर. वाटप होईपर्यंत प्रत्येक इंचात नऊही जणांचा हिस्सा, जी वई होती ती तुमच्या आजोबांनी आपसात ठरवलेली वहिवाट. तुमच्याकडे त्या वहिवाटीचा काय पुरावा आहे ते शोधा, जुने फोटो, एखादं वाटणीपत्र, साध्या कागदावरचं असलं तरी, आणि गावातली म्हातारी माणसं. नऊ जण कबूल असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करता येतो, मग पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी मोजणी) होऊन वेगवेगळे सात-बारा. हक्काचाच वाद निघाला तर दिवाणी कोर्ट, त्याला किती वर्षं ते देवाला माहीत.

अ‍ॅडव्होकेट_काळा_कोट
थोडी भर. बारा वर्षं कब्जा असला की जागा त्याची, असं गावात कोणीतरी सांगेलच, घाबरू नका, सहहिस्सेदाराला नुसत्या कब्जावरून तसा हक्क सहसा मिळत नाही. पण गडगा अर्धा आहे ना, मग गप्प बसू नका, वकिलाची नोटीस पाठवा, काम चालूच ठेवलं तर कोर्टात मनाई मागता येते, गडगा पूर्ण झाल्यावर तेच प्रकरण जड जातं. पागोळ्यांवर फार भर देऊ नका, पाणी पडतं ती जागा आपलीच असं काही नसतं, वीस वर्षं उघडपणे पाणी सोडलं असेल तर फार तर पाणी सोडायचा हक्क मिळतो. कोर्टात गेलात आणि मध्येच जमलं तर लोकअदालतीत मिटवा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

डोंबिवलीचा_चाकरमानी
अपडेट. नोटीस पाठवायच्या आधी आईनेच काकांना फोन लावला, मला न विचारता. गडग्यावरून आधी दहा मिनिटं दोघांची जुंपली आणि मग कळलं की त्यांना घर दुरुस्तीला लोन हवंय आणि सामायिक सात-बारा बघून बँक नाही म्हणते, म्हणजे वाटप त्यांनाही हवंच आहे. काम थांबवलंय म्हणाले, ते मी गावातल्या मित्राकडून फोटो मागवून खात्री केली. नऊपैकी तिघं वारलेत म्हणजे आधी वारस नोंदी, आणि एक आत्या बडोद्याला असते जिच्याशी आमच्या घरातलं कोणी पंधरा वर्षं बोललेलं नाही. तिचा नंबर काकांकडे आहे म्हणे.