भावाला दोनदा फिट आली, रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या कशाला?

हर्णैकर:
धाकटा भाऊ, वय 23, ट्रॉलरवर खलाशी. शिमग्यात तीन रात्री पालखीबरोबर जागला. चौथ्या पहाटे अंथरुणात त्याच्या घशातून असा आवाज आला की वाटलं कोणी गळा दाबतंय. अंग लाकडासारखं ताठ, ओठ निळे, मग हातपाय झटके मारायला लागले. आई म्हणते पंधरा मिनिटं चाललं, मला वाटतं दोन. शेजारच्या काकांनी दातांत चमचा घातला, पुढच्या दाताचा टवका उडाला. कोणी कांदा हुंगवला. लुंगी ओली. शुद्धीवर आला तर मला ओळखेना, मग दुपारपर्यंत घोरत पडला. महिन्याभराने परत तेच. एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) दोन्ही नॉर्मल, तरी डॉक्टरांनी लेव्हेटिरॅसिटॅम ही फिटची गोळी सुरू केलीय. आजी म्हणते देवाला कौल लावा. नारळी पौर्णिमेनंतर त्याला बोटीवर जायचंय.

वेंगुर्ल्याची आई:
भाऊ, माझ्या लेकीचे दोन ईईजी नॉर्मल होते. तपासणीच्या त्या अर्ध्या तासात मेंदूतल्या विजेची गडबड झाली नाही तर कागद स्वच्छच येतो. डॉक्टर जास्त भर देतात तो बघणाऱ्याच्या सांगण्यावर, म्हणून पुढल्या वेळी कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करा. तो आवाज दुखण्याचा नसतो हो. छातीचे स्नायू एकदम आवळतात नि आतली हवा घशातून रेटली जाते. त्याला तेव्हा काही कळत नसतं. मला हे कळेपर्यंत वर्ष गेलं, तोवर तो आवाज रात्री कानात घुमायचा.
जागरणाने फिट येते हे आमच्याकडेही झालंय. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. आम्ही एकदा केली, आठवड्यात दवाखाना गाठला.

माडाखाली:
कौलही लावा नि गोळीही द्या. म्हाताऱ्या माणसाशी भांडून काय मिळणार?

सिस्टर_सिंधुदुर्ग:
आरोग्य केंद्रात आहे म्हणून सांगते. तोंडात काही घालायचं नाही, जीभ गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली टॉवेल, झटके थांबले की कुशीवर वळवा नि पहिल्या सेकंदापासून घड्याळ बघा. 5 मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर 108. पूर्ण जागा होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. बोट, विहीर, माडावर चढणं सध्या बंद. पुन्हा कधी, ते डॉक्टर ठरवतील.

हर्णैकर:
सिस्टर, चमच्याचं काकांना वाचून दाखवलं, ते गप्पच बसले. बोट बंद म्हटल्यावर भाऊ दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आज बोटीचा तांडेलच (प्रमुख) घरी आला, म्हणाला या हंगामात किनाऱ्यावर जाळी सांधायला ये, पगार देतो. आता रुसून का होईना, जातोय.