ज्येष्ठेचा फिका जोडीदार: दोन छिद्रांचा मास्क पुरतो का?

गंगापूर_रोड: 8 इंची एससीटी (श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण), 2एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट करणारं भिंग), 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा. दुर्बिणीच्या तोंडावर लावलेल्या मास्कवर 30 मिमीची दोन छिद्रं, केंद्रांत 150 मिमी अंतर. दोन्हींतला प्रकाश मिसळून काळे-उजळ पट्टे छान येतात, पण ज्येष्ठा (अंटारेस) असो वा तुलनेचा तारा टाऊ स्कॉर्पियाय, पट्ट्यांची दृश्यता (ठळकपणा, 0 ते 1) एकाच रात्रीत 10 टक्के खालीवर होते. यातून ज्येष्ठेचा फिका जोडीदार तारा कसा ओळखायचा?

नभोवेध: दृश्यतेतून नाही सापडणार. जोडीदार 4.4 प्रतीने फिका, म्हणजे प्रकाश साधारण 57 पट कमी. त्याच्यामुळे दृश्यता 1 वरून फार तर 0.966 वर येईल. ही घट तुमच्या 10 टक्क्यांत बुडून जाते.

तिसरं छिद्र पाडा आणि क्लोजर फेज मोजा. छिद्रांच्या तीन जोड्यांच्या फेजची (पट्टे किती सरकले ते सांगणाऱ्या कोनाची) बेरीज केली की प्रत्येक छिद्रावरचा हवेचा गोंधळ आपोआप वजा होतो. एकट्या ताऱ्यासाठी उत्तर शून्य, इथे जास्तीत जास्त 2.6 अंश. छिद्रांची केंद्रं 80 मिमी त्रिज्येवर 0, 100 आणि 220 अंशांवर ठेवा. बाजू 123, 139, 150 मिमी येतात आणि मधला आरसा आड येत नाही. 3 मिमी काळं अॅक्रिलिक सातपूरला लेझरने कापून मिळतं.

सातपूरकर: फिल्टर कोणता आहे? नाशिकहून ज्येष्ठा जेमतेम 43 अंश वर येते. तिथे हवा प्रिझमसारखी रंग पसरवते आणि 0.7 आर्कसेकंदाचे पट्टे पुसट होतात. साध्या हिरव्याऐवजी ओ-थ्री (अगदी थोडेच रंग सोडणारा फिल्टर) लावा. एक्स्पोजर 8 ते 10 मिलीसेकंद, गॅमा (उजेडाचं प्रमाण बदलणारी सोय) बंद, 16-बिट एसईआर फाइल (कॉम्प्रेस न केलेला व्हिडिओ). कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत फेजचं वाटोळं होतं.

गंगापूर_रोड: प्रत्येक फ्रेमचा क्लोजर फेजचा कोन काढून सरासरी घेऊ का?

नभोवेध: नको, इथेच बरेचजण चुकतात. +179 आणि −179 अंशांची सरासरी शून्य येते! प्रत्येक फ्रेमच्या एफएफटीतल्या (प्रत्येक जोडीचे पट्टे वेगळे काढणारं गणित) तीन शिखरांच्या संमिश्र संख्यांचा (ठळकपणा आणि कोन दोन्ही सांगणाऱ्या) गुणाकार करा, 2000 फ्रेमच्या गुणाकारांची बेरीज करा, कोन शेवटी काढा. दर दहा मिनिटांनी टाऊवर जा. तिथे शून्याऐवजी येईल तो कोन उपकरणाची चूक, तो ज्येष्ठेच्या कोनातून वजा करायचा. मग मास्क 30 अंश फिरवून पुन्हा. खरा जोडीदार असेल तर आकडा मास्कबरोबर बदलतो.

सातपूरकर: आणि मे महिन्यात गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. ट्रायपॉड अंगणात मातीवर लावा.